डाव्या बरगडीखालची पानथरी

मुलाला जन्मभराचा आनुवंशिक आजार आहे हे कळलं की आईबापांना चहूकडून एकच ऐकायला मिळतं: धीर धरा. कशाच्या जोरावर, ते कुणी सांगत नाही. जमैकात मात्र त्यांना पोट चाचपायला शिकवलं.

सिकलसेल हा असाच एक आनुवंशिक आजार; त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्याच्या लहानग्यांना एक विचित्र धोका असतो. पानथरी, म्हणजे प्लीहा, अचानक रक्त अडवून धरते आणि फुगत जाते. हिमोग्लोबिन भराभर उतरतं. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी पांढरंफटक पडलेलं असतं. वेळेत रक्त चढवलं तर वाचतं. पण त्या घटकेला घरात डॉक्टर नसतो, आई असते.

१९७३ पासून जमैकातल्या किंग्स्टनमध्ये नवजात बाळांची तपासणी करून सिकलसेलची मुलं हुडकली जात होती. डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या पथकाने आईवडिलांना पानथरी हाताने ओळखायला शिकवलं. (बापांनाही जमतं, बरं का.) बाळाला उताणं निजवायचं, बोटं पोटावर सपाट ठेवून खालून हळूहळू डाव्या बरगडीकडे न्यायची. बाळाने श्वास घेतला की वाढलेल्या पानथरीची कड बोटांना लागते.

१९८५ मध्ये आकडे छापून आले. आधी शंभर मुलांमागे वर्षाला पानथरी अशी फुगण्याचे ४.६ झटके नोंदले जात, शिकवणीनंतर ११.३. म्हणजे वाढलेच की! बहुधा ते वाढले नव्हते, घरच्यांना सापडू लागले होते. शंभर झटक्यांमागे मृत्यू मात्र २९.४ वरून ३.१ वर आले. सौम्य झटकेही मोजल्यामुळे टक्का घसरला असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून गुणाकार करून पाहा: शंभर मुलांमागे वर्षाला मृत्यू साधारण १.३५ होते, ते ०.३५ झाले.

‘मला हे जमेल’ हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्यावर, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं. नुसत्या समजुतीने आलेला भरवसा कच्चा. ‘धीर धरा’ची गत तीच.

गडचिरोली, नंदुरबारकडेही सिकलसेल आहे. पण भारतातल्या अनेक रुग्णांची पानथरी मोठेपणीही वाढलेलीच राहते. त्यामुळे ती लागते का, एवढं विचारून भागत नाही; कालच्यापेक्षा किती बोटं खाली आली, ते विचारावं लागतं. पोट पहिल्यांदाच तपासणाऱ्या डॉक्टरला ते कसं कळणार?