उबवणीसाठी टर्कीची अंडी नेताय? गाडी चालू करण्याआधी हे वाचा

अंडी नेलेल्या गिऱ्हाइकांचे आम्हाला फोन येतात ते बहुतेक अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पिल्लं निघायच्या दिवशी. "पिल्लं निघाली नाहीत, उबवणीचं मशीन खराब दिसतंय." दोन प्रश्न विचारले की कळतं, मशीनचा दोष नव्हता. अंडी पहिल्याच दिवशी वाया गेली होती, स्कूटरच्या डिकीत नाहीतर फ्रिजच्या दारात.

फलित अंड्यात जीव असतो, पण झोपलेला. तापमान 20-21 अंशांच्या वर गेलं की तो चाळवतो. पूर्ण ऊब मिळाली नाही तर अर्धवट वाढतो आणि आतल्या आत मरतो. म्हणून साठवणीला 13 ते 18 अंश हवेत. सोलापुरात एवढा गारवा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्री मिळतो, एरवी नाही. फ्रिज उपयोगाचा नाही. तिथे साधारण 4 अंश असतात आणि एवढी थंडी या जिवाला सोसत नाही. मग घरचाच उपाय: पसरट मडकं ओल्या वाळूत बसवा, आत कोरडं कापड घालून अंडी ठेवा, तोंडावर ओलं फडकं टाका. आपली हवा कोरडी, त्यामुळे मडकं चांगलं गार होतं. अंड्यांना मात्र पाणी लागू देऊ नका.

अंडं ठेवताना निमुळतं टोक खाली, रुंद बाजू वर. हवेची पोकळी रुंद बाजूला असते. गारव्यात सात दिवस निभावतं, पुढे दर दिवसाला पिल्लं कमी होत जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर तीन-चार दिवसांच्या वर थांबू नका. अंडी एसटीने किंवा मोटरसायकलवरून नेली असतील तर मशीनमध्ये घालण्याआधी रात्रभर स्थिर राहू द्या.

आणि कृपा करून धुऊ नका! टर्कीच्या अंड्यावर तपकिरी ठिपके जन्मजातच असतात. एका ताईंनी घाण समजून बाराच्या बारा अंडी घासणीने चकाचक करून आणली होती. कवचावर एक पातळ थर असतो, तो निघाला की जंतूंना आत जायला वाट मोकळी होते.

मशीनमध्ये

कोंबडीचे 21 दिवस, टर्कीचे 28. दोन्ही एकत्र काढायची असतील तर टर्कीची अंडी आधी घाला आणि कोंबडीची सात दिवसांनी. पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 अंश ठेवा. पंखा नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत अंड्यांच्या माथ्यापाशी 38.3 अंश लागतात. मशीनवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वाटीभर कोमट पाण्यात घरातला तापाचा थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर शेजारी शेजारी बुडवून बघा; अर्ध्या अंशाचा फरक निघाला तरी तो हिशेबात धरा.

पहिले 25 दिवस आर्द्रता 50-55 टक्के. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवा. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला की गोंधळ होत नाही. पंचविसाव्या दिवसानंतर फिरवणं बंद, आर्द्रता 70 च्या आसपास, आणि झाकण उघडायचं नाही.

वीज गेली तर घाबरू नका. मशीनवर आपली सोलापुरी चादर टाका, हवेची भोकं तेवढी उघडी ठेवा. तास-दोन तास गार झाल्याने पिल्लं सहसा मरत नाहीत, जास्त तापल्याने मरतात. घरगुती मशीनला तापवता येतं, गार करता येत नाही, हे लक्षात घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत 41 अंश असतील तर मशीनच्या आतही त्याहून कमी होणार नाही. म्हणूनच एप्रिलच्या मध्यापासून चांगला पाऊस होईपर्यंत आम्ही उबवणीची अंडी विकत नाही. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

नवव्या-दहाव्या दिवशी अंडी उजेडावर धरून तपासा. रात्री खोलीतला दिवा घालवा, मोबाईलच्या टॉर्चवर यंत्रमागाच्या सुताचा रिकामा पुठ्ठ्याचा कोन उपडा ठेवा आणि निमुळत्या भोकावर अंड्याची रुंद बाजू टेकवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसला तर पिल्लू धरलंय. नुसता पिवळा उजेड म्हणजे अंडं रिकामं. लाल कडं दिसलं तर जीव धरून गेलाय. असं अंडं लगेच काढा, नाहीतर कुजून फुटतं आणि त्या वासाने घरातली माणसं तुम्हालाच बाहेर काढतील. बाहेरून बघून फलित अंडं आम्हालाही ओळखता येत नाही, म्हणून दहा अंडी नेली की दहा पिल्लं हा हिशेब धरू नका.

सत्तावीस-अठ्ठावीसला कवचाला टोच पडते. पिल्लू बाहेर यायला त्यानंतर कधी कधी पूर्ण दिवस जातो. हात शिवशिवतात, पण कवच सोलू नका. आत रक्तवाहिन्या अजून ओल्या असतात, रक्तस्राव होऊन पिल्लू जातं.

खुडूक कोंबडी असेल तर

मशीन नसेल तरी चालतं. गावठी खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीखाली टर्कीची सहा-सात अंडी मावतात, त्याहून जास्त घातली तर कडेची गार पडतात. ती 21 दिवसांच्या सवयीची, त्यामुळे एखादी शेवटच्या आठवड्यात उठून जाते. पिल्लं निघाली की मात्र ती तिच्या मागे उकिरड्यावर सोडू नका. कोंबड्यांच्या जंतांमार्फत टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग लागतो. कोंबडी त्यात तगते, टर्कीचं पिल्लू सहसा तगत नाही.

टर्कीचं पिल्लू खाण्याच्या बाबतीत मंद असतं. समोर खाद्य असूनही उपाशी मरतं. पाण्याच्या भांड्यात दोन-तीन रंगीत गोट्या टाका, चमकतं तिथे ते चोच मारतं. खाद्यावर उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि बारीक चिरलेली कांद्याची पात भुरभुरा. खाद्य 28 टक्के प्रथिनांचं हवं, ब्रॉयलरचं पुरत नाही. पहिला आठवडा बल्बखाली 35 अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. धुतलेलं गोणपाट टाका.

अडचण आली तर फोन करा. अंडी मशीनमध्ये घातल्याची तारीख मात्र हाताशी ठेवा, आमचा पहिला प्रश्न तोच असतो.