घर आणि बागेच्या निर्णयांसाठी लंबकाचा उपयोग

घराची मांडणी आणि बागेची आखणी करताना अनेक ग्राहक आम्हाला विचारतात की, झाड कुठे लावावे, पलंग कोणत्या भिंतीला लावावा किंवा पाण्यासाठी कुठे खोदावे, हे लंबक धरून ठरवता येईल का. विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून आमची भूमिका येथे सविस्तर मांडत आहोत.

बेचकी फांदी, वाकवलेल्या सळ्या किंवा दोऱ्याला बांधलेला लंबक हातात धरून जमिनीखालचे पाणी अथवा धातू शोधण्याची रीत जुनी आहे. ग्योर्ग आग्रिकोला यांच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात बेचकी घेऊन फिरणारी माणसे चित्रात दिसतात. मात्र जाणत्या खाणकामगाराने तिच्यावर विसंबू नये, जमिनीच्या नैसर्गिक खुणा पाहाव्यात, असेही त्यांनी तिथेच सांगितले आहे.

लंबक खरोखरच हलतो आणि तो धरणारी व्यक्ती फसवत नसते, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रूल यांचा लंबक पाऱ्यावर धरला की झुलू लागे आणि मध्ये काच सरकवली की थांबे. परंतु डोळे बांधून, काच केव्हा ठेवली हे त्यांना कळू न देता तोच प्रयोग केला, तेव्हा काचेचा काहीच परिणाम दिसला नाही. १८३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मनात अपेक्षा असली की बोटांचे स्नायू नकळत सूक्ष्म हालचाल करतात आणि लांब दोरा ती मोठी करून दाखवतो. म्हणजे लंबक धरणाऱ्याच्या मनाचा कल सांगतो, जमिनीची स्थिती नव्हे. पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागते, याचेही कारण साधे आहे: पुरेसे खोल गेल्यास बहुतेक ठिकाणी भूजल असतेच.

म्हणून जागेला सारखीच मानवणारी दोन रोपे किंवा भिंतीसाठी आवडलेले दोन रंग यांतून निवड होत नसेल, तर लंबक अवश्य धरावा. तो एका बाजूला झुलल्यावर आपल्याला बरे वाटले की हिरमुसल्यासारखे झाले, हे लक्षात घ्यावे, कारण खरे उत्तर त्यातच असते. जमिनीखालच्या वीजवाहिन्या आणि नळ, भिंतीतील ओल किंवा विंधनविहिरीची जागा यांबाबत मात्र आम्ही लंबकावर काम करत नाही. तिथे नकाशे, तारा व नळ शोधणारे यंत्र आणि भूजलतज्ज्ञाची पाहणी लागते, आणि या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

झाडाच्या जागेसाठी निचऱ्याची चाचणी सर्वांत उपयोगी ठरते आणि ती ग्राहकांना स्वतः करता येते. सुमारे ३० सेंटिमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पट्टीने पातळी मोजावी. तासाला २.५ ते ७.५ सेंटिमीटर पाणी उतरले तर बहुतेक झाडांना ती जागा चालते. त्याहून कमी उतरले तर उंच वाफा करावा किंवा ओल सोसणारे झाड निवडावे. फळभाज्यांसाठी दिवसाला किमान ६ तास थेट ऊन मिळते का, हेही पाहावे.

आमची भेट ठरल्यास खड्डा आदल्या दिवशी एकदा भरून ठेवावा, म्हणजे दुसरे मोजमाप आम्हाला आपल्यासमोरच घेता येईल.