यकृतातल्या गाठी आणि पोटातला पंप

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरल्याचे कळले, की घरचे लोक हाय खातात. ‘चौथी स्टेज’ म्हटल्यावर पुढचे काही कानात शिरतच नाही. पण गाठी फक्त यकृतातच असतील आणि त्या पूर्ण काढता येण्याजोग्या असतील, तर काही रुग्ण कायमचे बरे होतात. त्यामुळे यकृताच्या अनुभवी सर्जनने स्कॅन पाहण्याआधी आशा सोडू नये.

निरोगी यकृताचा सत्तर टक्के भाग काढला तरी उरलेला काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. उरणारा भाग फारच लहान वाटला, तर डॉक्टर आधी रोगट बाजूची पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) बंद करतात. मग रक्त चांगल्या बाजूला वळते, ती बाजू वाढते आणि त्यानंतर शस्त्रक्रिया होते.

गाठी काढल्यावरही सूक्ष्म पेशी मागे राहू शकतात. इथे यकृताची रचना कामी येते. यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळते, मोठ्या झालेल्या गाठी मात्र मुख्यतः धमनीवर पोसल्या जातात. म्हणून केमोचे औषध थेट यकृताच्या धमनीत सोडायचे. फ्लॉक्सयुरिडीन हे औषध यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळे शोषून घेते, त्यामुळे बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी बसते.

त्यासाठी पोटाच्या कातडीखाली एक चपटा धातूचा पंप बसवतात. त्याच्या जुन्या रचनेला बॅटरी लागतच नसे. एका कप्प्यात औषध, दुसऱ्यात शरीराच्या उबेने वाफ होणारा द्रव. वाफेचा दाब औषध थेंबथेंब धमनीकडे ढकलतो. कातडीतून सुई टोचून औषध भरले, की त्याच दाबाने वाफेचा पुन्हा द्रव होतो. म्हणजे भरणे हेच चावी देणे! मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांच्या या कल्पकतेला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डॉ. नॅन्सी केमेनी यांनी शस्त्रक्रिया झालेल्या १५६ रुग्णांवर चाचणी घेतली. १९९९ साली निष्कर्ष आले: दोन वर्षांनी पंप आणि नेहमीची केमो घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के जिवंत होते, नुसती केमो घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के.

धोका आहे तो पित्तनलिकांना, कारण त्याही धमनीवरच जगतात. औषधाने त्या आकसू शकतात. म्हणून पंपात डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारे स्टिरॉइड मिसळतात, यकृताचे काम दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या वरचेवर करतात आणि त्यांचे आकडे चढू लागले की डोस कमी करतात किंवा औषध थांबवतात.