कायरोप्रॅक्टिक : रोजचे ताण आणि कण्याची मांडणी

कायरोप्रॅक्टिक ही हातांनी सांध्यांवर, मुख्यतः मणक्यांवर, उपचार करण्याची अमेरिकेत उदयास आलेली पद्धत. रोजचे लहानमोठे ताण साठत जातात, त्यामुळे मणक्यांची मांडणी व हालचाल बिघडते, तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंना त्याची झळ लागते आणि दुखणी सुरू होतात, असे ही पद्धत मानते. यातला ताणाविषयीचा भाग शरीरशास्त्राच्या कसोटीवर बराचसा टिकतो. ‘जागचा हललेला मणका हे रोगाचे मूळ’ हा भाग टिकत नाही. दोन्ही एका दमात सांगितले जातात, म्हणून ते वेगळे करून पाहणे रुग्णाच्या हिताचे आहे.

पद्धतीचे जनक डॅनियल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) मूळचे कॅनडाचे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे ते चुंबकीय उपचार करीत. तिथल्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. अडचणीच्या जागी वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकल्यासारखे झाले आणि तेव्हापासून बहिरेपण आले, असे ते सांगत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी पामर यांनी त्यांच्या पाठीतला मणका दाबून बसवला आणि श्रवण परतले, असा पामर यांचा दावा. म्हणजे मूळ कथाच रोजच्या कामाच्या ताणाची आहे. मात्र श्रवणाचा मज्जातंतू कवटीच्या आतच मेंदूला मिळतो. पाठीच्या मणक्यांतून तो जात नाही. पामर यांनी १८९७ मध्ये डॅव्हनपोर्टला शिकवणे सुरू केले आणि १९१० च्या ग्रंथात मणके बिघडण्याची तीन कारणे मांडली : आघात, विष आणि मनाने घेतलेला ग्रह. शारीरिक, रासायनिक व मानसिक ताण ही आजच्या कायरोप्रॅक्टरांची विभागणी तिथूनच आली.

या बिघाडाला ते ‘सबलक्सेशन’ म्हणतात. अस्थिरोगतज्ज्ञांच्या लेखी सबलक्सेशन म्हणजे सांधा अर्धवट निखळणे, आणि ते एक्स-रेमध्ये दिसते. कायरोप्रॅक्टरांच्या अर्थाने सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांना टेकलेलेच असतात, फक्त त्यांची ठेवण किंवा हालचाल बदललेली असते. ब्रिटनमधील या व्यवसायाच्या नियामक परिषदेने २०१० मध्ये स्पष्ट केले, की ही ऐतिहासिक कल्पना असून ती रोगाचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही.

शारीरिक ताणाबद्दल मात्र ठोस सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कण्यात २४ हलणारे मणके असतात आणि मधल्या गाद्यांना प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दिवसभराच्या भाराने गाद्यांतले पाणी थोडेथोडे बाहेर पडते, रात्री आडवे झाल्यावर परत शिरते. त्यामुळे माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी एक-दोन सेंटिमीटरने बुटका असतो. जर्मनीतील उल्म येथे एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून घेतलेली मोजमापे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाठीवर निजलेले असताना ०.१ मेगापास्कल (दाबाचे एकक), उभे असताना ०.५, आणि वीस किलोंचे ओझे पाठ वाकवून उचलताना २.३. तेच ओझे गुडघे वाकवून उचलले तर १.७. टेकून सैल बसल्यावर दाब उभे राहण्यापेक्षाही कमी भरला. माणूस एकच असल्याने या आकड्यांवर मोठी इमारत उभारता येत नाही. पण ‘पोक काढून बसलात की मणका सरकलाच’ ही धमकी त्यांच्यापुढे टिकत नाही. खरा त्रास बसण्यापेक्षा न हलण्याचा. बराच वेळ वाकून राहिल्यावर अस्थिबंध हळूहळू ताणले जातात, लगेच पूर्ववत होत नाहीत, आणि अशा वेळी झटक्यात बादली उचलली की उसण भरते. मणका जागचा हललेला नसतो. स्नायू आखडून त्या भागाला हलू देत नाहीत.

मानसिक ताणाचा मुद्दा अनेकांना सर्वांत भोंगळ वाटतो, पण मला तोच सर्वांत भक्कम दिसतो. बोइंग या अमेरिकी विमान कंपनीच्या कारखान्यातील ३,०२० कामगारांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कामाविषयीची नाराजी आणि पुढे नोंदवलेले पाठीचे दुखणे यांचा स्पष्ट संबंध आढळला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ओहायोतील प्रयोगात, ओझे उचलताना मानसिक दडपण आणल्यावर काही जणांचे कमरेभोवतीचे स्नायू अधिक आवळले गेले आणि कण्यावरचा भार वाढला. पामर यांना कारणाचा अंदाज बरोबर लागला होता. परिणाम त्यांनी चुकीच्या जागी शोधला. रासायनिक ताणाचे म्हणणे सर्वांत लंगडे : धूम्रपान आणि गाद्यांची झीज यांचा संबंध दिसतो, त्यापलीकडे फारसे हाती लागत नाही.

तपासताना कायरोप्रॅक्टर रुग्णाला पालथे झोपवून, पायांची लांबी सारखी आहे का हे कळावे म्हणून दोन्ही टाचा जुळवून पाहतो, मणक्यांच्या कडेने बोटे फिरवून कुठे हालचाल अडते ते चाचपतो. कमरेसाठी रुग्णाला कुशीवर वळवून वरचा गुडघा पोटाकडे घेतात, खांदा मागे रोखतात आणि तळहाताच्या टाचेने सांधा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेऊन एक आखूड, वेगवान धक्का देतात. ‘कट्ट’ आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते तेव्हाचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. शिवाय एकच पाठ दोन तपासनीसांनी चाचपली तर बिघडलेल्या मणक्याबाबत त्यांचे एकमत क्वचितच होते.

तरीही उपचाराने पुष्कळांना बरे वाटते. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत व्यायाम, मालीश, शेक यांच्यासोबत मणक्यांच्या हस्तोपचाराचाही समावेश केला. फायदा साधारणच, पण खरा. वर्षानुवर्षे दर महिन्याला ‘अलाइनमेंट’ करून घेण्याचा सल्ला मात्र या पुराव्यात बसत नाही. एमआरआयवर ‘गॅप’ किंवा झीज दिसली म्हणून हबकूनही जाऊ नये. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही साधारण ३७ टक्क्यांत गाद्यांची झीज आढळते.

मानेच्या बाबतीत सावधगिरी हवी. मानेला पीळ देणारा झटका आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडून होणारा पक्षाघात यांचा संबंध नोंदला गेला आहे. प्रमाण विरळ, कार्यकारणभाव सिद्ध नाही, पण परिणाम गंभीर. आपल्याकडे सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान कडाकडा मोडून देतात, त्यालाही हीच भीती लागू आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे मुंबई-पुण्यात ही सेवा घेताना समोरच्याचे शिक्षण विचारून घेण्याची जबाबदारी रुग्णावरच पडते. पायातली ताकद कमी होणे, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले तर कुणाकडूनही पाठ दाबून न घेता थेट रुग्णालय गाठावे.