जुने लैंगिक अत्याचार : प्रसिद्ध व्यक्तींवरील आरोप, लोकचर्चा व वृत्तांकन (गोवा)

प्रतिष्ठित व्यक्तीने पूर्वी कधीतरी केलेल्या लैंगिक अत्याचाराचा आरोप उशिरा उजेडात आला, की वर्तमानपत्रे, वाहिन्या, समाजमाध्यमे आणि गावचा तिठा यांवर त्याबद्दल जे छापले, बोलले आणि कुजबुजले जाते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. आरोप ‘जुना’ केव्हा म्हणावा याची व्याख्या भारतीय कायद्यात नाही. घटना आणि तक्रार यांत काही वर्षांचे अंतर असावे, एवढाच संकेत अभ्यासक पाळतात, तोही सैलपणे. गोव्याच्या संदर्भात ‘प्रसिद्ध व्यक्ती’ म्हणजे चित्रपटातला नटच असे नव्हे. येथे लोकमान्यता संस्थाचालक, देणगीदार, धर्मकार्य करणारा, संपादक किंवा आमदार यांच्याकडे अधिक असते, आणि तिचा पल्ला दोन-तीन तालुक्यांचा असला तरी तेवढ्या टापूत ती पुरेशी असते.

या प्रकारच्या वृत्तांकनाचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तो ब्रिटनमधील जिमी सॅव्हिल प्रकरणापासून धरावा. सॅव्हिल हा बीबीसीचा लोकप्रिय निवेदक आणि धर्मादाय कामांसाठी निधी जमवणारा म्हणून नावाजलेला होता. २९ ऑक्टोबर २०११ रोजी तो मरण पावला आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी आयटीव्ही वाहिनीने त्याच्यावरील आरोपांचा कार्यक्रम दाखवला. त्यानंतर लंडन पोलिसांनी ‘ऑपरेशन यूट्री’ हा तपास सुरू केला. ‘जुन्या आरोपांचे वृत्तांकन’ ही स्वतंत्र जात म्हणून ओळखली जाऊ लागली ती बहुधा यानंतरच, असा या मताचा आधार आहे. भारतात ही लाट २०१८ च्या ‘मी टू’ मोहिमेच्या रूपाने आली आणि गोव्यात त्याबरोबरच पोचली, असे हे अभ्यासक मानतात.

दुसरे मत आरंभबिंदू मडगावला आणि १९९१ सालाकडे नेते. त्या वर्षी फ्रेडी पीट्स याला अटक झाली. मडगाव परिसरात तो ‘गुरुकुल’ नावाने मुलग्यांसाठी वसतिगृहवजा आश्रम चालवीत असे. गरीब मुलांना आसरा देणारा परोपकारी गृहस्थ अशी त्याची ख्याती होती. त्याच्या राष्ट्रीयत्वाविषयी तेव्हापासून वेगवेगळी विधाने छापली गेली असून त्यांतील काही एकमेकांशी जुळत नाहीत. झडतीत मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. त्यांवरून हा प्रकार बरीच वर्षे चालू होता आणि त्यात परदेशी पर्यटकही सामील होते, हे पुढे आले. मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. मुलांच्या लैंगिक शोषणाची टोळी चालवल्याबद्दल झालेली भारतातील ही पहिली मोठी शिक्षा, असा तिचा सर्रास उल्लेख होतो. पत्रकार व कार्यकर्त्या शीला बारसे यांनी या प्रकरणाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

पीट्स प्रकरण काटेकोर अर्थाने ‘जुन्या’ आरोपाचे नाही, कारण अटकेच्या वेळी गुन्हा चालूच होता. हा आक्षेप रास्त आहे. तरीही लोकमान्य परोपकाऱ्याविषयी आधी कोणी काही का बोलले नाही, कोणाला काय माहीत होते, शेजारी आणि यंत्रणा गप्प का राहिल्या, हे सॅव्हिलनंतर ब्रिटनमध्ये विचारले गेलेले प्रश्न दक्षिण गोव्यात वीसेक वर्षे आधी विचारले गेले होते. त्यामुळे गोव्यापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पोर्तुगीज काळापर्यंत मागे जाणे मात्र कठीण आहे. १९२६ नंतरच्या राजवटीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती आणि प्रतिष्ठितांविषयीचा असा मजकूर छापला जाण्याची शक्यता फार थोडी होती.

कायद्याची बाजू. जुन्या आरोपाचे भवितव्य पुष्कळदा तारखेवर ठरते आणि वृत्तांकनात नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे एक वर्षाहून अधिक पण तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास तीन वर्षांची मुदत होती. त्याहून मोठ्या गुन्ह्यास मुदत नव्हती, म्हणून बलात्काराचा आरोप कितीही जुना असला तरी चालू शकतो. विनयभंगाचे (भारतीय दंड संहिता, कलम ३५४) तसे नाही. २०१३ च्या दुरुस्तीपूर्वी त्याला कमाल दोन वर्षे शिक्षा होती, म्हणजे तो मुदतीच्या कचाट्यात सापडे. दुरुस्तीनंतर शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आणि मुदत उरली नाही. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २० मुळे वाढीव शिक्षा मागील तारखेने लागू होत नाही. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा ‘पॉक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. त्याआधी मुलग्यांवरील अत्याचारासाठी मुख्यतः दंड संहितेच्या कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) चाच आधार होता. पॉक्सोखालील तक्रारीला वयाची वा काळाची मर्यादा नाही, असा खुलासा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये केला.

मृत व्यक्तीविषयीचा फरकही महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये मृताची बदनामी दाव्यास पात्र नसते. सॅव्हिलबद्दल इतके उघडपणे लिहिले गेले ते तो गेल्यावरच. भारतात दंड संहितेच्या बदनामीविषयक कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार (आता भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताची केलेली बदनामीही गुन्हा ठरू शकते. गोव्यातील एखाद्या दिवंगत देणगीदाराविषयी लिहिताना संपादकांचा हात आखडतो, त्यामागे भीड असते तशी ही तरतूदही असते.

न्यायालयाच्या बेअदबीच्या १९७१ च्या कायद्यात फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ मानले जाते ते आरोपपत्र दाखल झाल्यापासून किंवा समन्स अथवा वॉरंट निघाल्यापासून. पण अंदाज-तर्कांचा खरा हंगाम त्याआधीचा, अटक आणि आरोपपत्र यांमधला असतो. १८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलखा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात अडथळा आणतो असे म्हटले. गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्याने हा निर्णय येथेही मार्गदर्शक ठरतो.

तेजपाल प्रकरण. ‘तहलका’ या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक तरुण तेजपाल यांच्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये बांबोळी येथील हॉटेलात सहकारी स्त्रीवर अत्याचार केल्याचा आरोप झाला. घटना आणि तक्रार यांत दिवसांचेच अंतर असल्याने हेही जुने प्रकरण नव्हे. वृत्तांकनाच्या दृष्टीने मात्र गोव्यातील कोणत्याही नोंदीत ते टाळता येत नाही. तक्रारदार स्त्री पोलिसांकडे जाण्यापूर्वीच संस्थेतले अंतर्गत ईमेल फुटले. २२ नोव्हेंबरला गोवा पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला आणि ३० तारखेला अटक झाली. याच दहा दिवसांत पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव चालू होता, त्यामुळे बाहेरून आलेल्या पत्रकारांचा ताफा आयताच हाताशी होता. आरोपपत्र फेब्रुवारी २०१४ मध्ये आले. तोवर लिफ्ट, सीसीटीव्ही आणि ईमेलमधली वाक्ये यांचा कीस वाहिन्यांनी काढून झाला होता. तेजपाल यांनी आरोप नाकारून त्यामागे राजकीय सूड असल्याचे म्हटले. २१ मे २०२१ रोजी म्हापशाच्या सत्र न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्यांना निर्दोष सोडले. राज्य सरकारने अपील केले. पाचशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात तक्रारदार स्त्रीची ओळख उघड होईल असे तपशील आल्याने, ते संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी गाळावेत असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. ओळख जपण्याचे बंधन वर्तमानपत्रांवर असते तसे न्यायालयांवरही असते, हे यातून ठळक झाले.

नाव न छापता ओळख. १९८३ मध्ये आलेले दंड संहितेचे कलम २२८-अ (आता न्याय संहितेचे कलम ७२) बलात्कारपीडितेचे नाव छापण्यास मनाई करते. निपुण सक्सेना प्रकरणात (११ डिसेंबर २०१८) सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई ओळख पटवू शकेल अशा कोणत्याही तपशिलापर्यंत नेली. मोठ्या शहरासाठी आखलेला हा नियम गोव्यात अपुरा पडतो. ‘बार्देशातील एका गावातील, अमुक इयत्तेत शिकणारी’ एवढे छापले तरी वाड्यावर नाव कळते. गोव्यातील मराठी दैनिकांच्या तालुका पानांवर अशी वाक्ये अजूनही येतात. त्यामागे दुष्ट हेतू दिसत नाही, पण परिणाम तोच होतो. आरोपीच्या बाबतीत उलटे घडते. नाव न देता ‘एक बडा नेता’ किंवा ‘नामवंत संस्थाचालक’ एवढेच छापले की वाचक चार-पाच नावे आपापल्या मनाने भरतात. यातला धोका ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये दिसला. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या वृत्तकार्यक्रमाने नाव न घेता एका राजकारण्याकडे बोट दाखवले, ट्विटरवर लॉर्ड मॅकअल्पाइन यांचे नाव फिरले आणि तक्रारदाराने माणूस ओळखण्यात चूक केल्याचे निष्पन्न झाले. बीबीसीने १,८५,००० पौंड भरपाई दिली आणि महासंचालकांनी राजीनामा दिला.

बालहक्क कायदा. गोवा बाल कायदा, २००३ हा पीट्स प्रकरणाच्या छायेत घडला असे मानले जाते. मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास ती धुऊन देणाऱ्या स्टुडिओने पोलिसांना कळवावे, ही त्यातील तरतूद या मताला बळ देते. डिजिटल कॅमेऱ्यामुळे ती फार लवकर कालबाह्य झाली. याच कायद्याने स्वतंत्र बाल न्यायालयाची सोय झाली.

लोकचर्चेची इतर रूपे. तियात्रातील (कोकणी नाट्यप्रकार) कांतारांत, म्हणजे गाण्यांत, चालू घडामोडींवर टोमणे मारण्याची रीत जुनी आहे आणि लैंगिक प्रकरणेही त्यातून सुटत नाहीत. अलीकडे ही जागा बऱ्याच अंशी व्हॉट्सॲप गटांनी घेतली आहे.

२०१८ नंतर. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर जुन्या लैंगिक छळाचा आरोप केल्यावर अकबर यांनी भरलेल्या मानहानीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना निर्दोष ठरवले. अनेक दशकांनंतरही, स्त्रीला हव्या त्या व्यासपीठावर गाऱ्हाणे मांडता येते, असे त्यात म्हटले आहे. बोलण्याला मुदत नाही, खटल्याला मात्र असू शकते. अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी २००८ च्या घटनेबद्दल अभिनेते नाना पाटेकर यांच्यावर केलेले आरोप पाटेकर यांनी नाकारले होते. या प्रकरणात पोलिसांनी २०१९ मध्ये ‘बी समरी’ अहवाल (तक्रार खोटी वा पुराव्याविना असल्याचे सांगणारा) दिला. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या दंडाधिकारी न्यायालयाने तीन वर्षांची मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून दखल घेण्यास नकार दिला. आरोप खरे की खोटे, याचा निर्णय त्या आदेशात नाही. तरीही काही मथळ्यांत ‘क्लीन चिट’ हा शब्द वापरला गेला.