जन्मजात हृदयविकारातील तालदोष

जन्मजात हृदयविकारातील तालदोष : हृदयाच्या जन्मजात रचनादोषामुळे, किंवा तो दुरुस्त करताना राहिलेल्या व्रणामुळे, ठोक्यांचा वेग वा लय बिघडणे. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात असा दोष असतो. सोलापुरात दोष कोणताही असो, ‘हृदयाला भोक आहे’ असेच म्हणतात. भोक बुजवले की विषय संपला ही समजूतही याच शब्दामुळे पक्की होते, आणि पुढे वीस वर्षांनी छाती धडधडू लागली तर लहानपणीचे ऑपरेशन कुणाला आठवतही नाही.

ठोक्याची वीज उजव्या अलिंदातील (हृदयाच्या वरच्या कप्प्यातील) सायनस गाठीत उमटते, अलिंद-निलय गाठीत क्षणभर थबकते आणि हिसच्या जुडग्यातून (वीज वाहणाऱ्या तंतूंतून) निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, पसरते. निलयांमधल्या पडद्याचे छिद्र बऱ्याचदा या जुडग्याला लागूनच असते. तिथे टाका जवळ पडला तर वाट तुटते (हार्ट ब्लॉक). आठवडा-दहा दिवसांत ती पूर्ववत झाली नाही, तर कायमचा पेसमेकर बसवतात.

व्रणाची गोष्ट वेगळी. व्रणातून वीज जात नाही. ती त्याला वळसा घालून गोल गोल फिरत राहते. अलिंदात असे चक्र सुरू झाले की नाडी १२०-१३० वर अडकते. आकडा फार भयंकर नसल्याने ताप, अशक्तपणा, ‘टेन्शन’ असे निदान होऊन रुग्ण घरी परततो. ओळखण्याची खूण साधी आहे: धावपळीची नाडी विश्रांतीने उतरते, ही झोपेतही तासन्‌तास तेवढीच राहते. एकच निलय कामाचा असताना शिरांतले रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणाऱ्या फोंटान शस्त्रक्रियेनंतर (पहिली १९६८) हा प्रकार विशेष आढळतो. त्यात ताणलेल्या अलिंदात रक्ताची गुठळी होण्याचीही भीती असते.

फॅलोच्या चतुर्दोषात, म्हणजे चार रचनादोष एकत्र असलेल्या विकारात, (पहिली पूर्ण दुरुस्ती १९५४) चक्र उजव्या निलयात सुरू होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. ईसीजीतील क्यूआरएसची (निलयांत वीज पसरतानाच्या रेघेची) रुंदी १८० मिलिसेकंदांवर गेली की धोका वाढलेला समजतात. एबस्टाइन दोषात (उजव्या अलिंद-निलयांमधली झडप खाली सरकलेली असते) जन्मतःच जादा विद्युत्‌वाट असू शकते.

उपचार : भोवळ, बेशुद्धी किंवा रक्तदाब उतरलेला असेल, तर भूल देऊन लगेच विजेचा शॉक. प्रकृती स्थिर असून ताल बिघडून दोन दिवस उलटले असतील, तर आधी अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना हे पाहतात. अमिओडेरोन प्रभावी आहे, पण तरुणाला वर्षानुवर्षे द्यायचे औषध नव्हे: थायरॉईड व फुप्फुसे बिघडू शकतात. म्हणून कॅथेटरने (शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने) चक्राची वाट जाळणे (अ‍ॅब्लेशन) बरे. मात्र फोंटानच्या रुग्णात नेहमीच्या शिरेवाटे निलयापर्यंत पोचता येत नाही; पेसमेकरची तारही बहुधा छाती उघडून हृदयाच्या बाहेरून शिवावी लागते. निलयातील धोकादायक तालदोषासाठी आपोआप शॉक देणारे यंत्र (आयसीडी) बसवतात.

सोलापुरात : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके (२०१३ पासून) अंगणवाडी-शाळांत मुले तपासतात. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना १९६३) रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’च आहे. असे अ‍ॅब्लेशन नियमित करणारी पथके मोजक्या केंद्रांतच असतात. सोलापूरकराला जवळचे मोठे शहर पुणे, सुमारे २५० किमीवर. तिथे पहिला प्रश्न विचारतात तो जुन्या ऑपरेशनच्या कागदाचा: छेद कुठे घेतला, ठिगळ कशाचे लावले. प्लॅस्टिकच्या पिशवीतला, घड्यांवर फाटलेला तो कागद नव्या रिपोर्टांहून मोलाचा ठरतो.

इथला उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. पारा चाळिशीपार गेला की लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे पोटॅशियम घाम-जुलाबाने आणखी उतरते, आणि ताल बिघडायला तेवढे पुरते. पेसमेकर बसवलेल्या यंत्रमाग कामगाराला माग चालवायला सहसा हरकत नसते. पण चालू मोटरवर छाती टेकवून वाकू नये आणि वेल्डिंगपासून लांब राहावे.