सभागृह खासदार निधीतलं की पंधराव्यातलं?

गावातल्या नव्या सभागृहाच्या दारावर काळ्या दगडाची पाटी असते. ती कोणी वाचत नाही. 'पैसे कुठून आले?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'निधीतून.' कुठल्या निधीतून, हे विचारलं की एक जण म्हणतो खासदारांनी दिले, दुसरा म्हणतो पंधराव्यातून, म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून झालं. दोन्ही पैसा सरकारचाच, मग फरक काय, असं वाटणं साहजिक आहे. पण सभागृह हवं म्हणून कोणाचं दार ठोठावायचं, ते याच फरकावर ठरतं.

दोन्ही वाटांचं मूळ १९९३ सालात. २४ एप्रिलला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळालं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना जाहीर झाली. म्हणजे गावानं आपलं आपण ठरवावं ही सोय आणि गावाचं खासदारानं सुचवावं ही सोय, दोन्ही आठ महिन्यांच्या अंतरानं आल्या. मला यात जरा गंमतच वाटते.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये, २०११-१२ पासून. हे पैसे खासदाराच्या हातात कधीच येत नाहीत. तो फक्त शिफारसपत्र देतो. तपासणी, मंजुरी आणि काम करून घेणं जिल्हा प्रशासनाकडे असतं. जागा वादातली निघाली किंवा धार्मिक स्थळाची असली, तर पत्र असूनही काम होत नाही. वर्षाच्या शिफारशींत किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी धरावे लागतात.

आता साधा भागाकार करू. महाराष्ट्रात लोकसभेचे ४८ मतदारसंघ आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती. सरासरीनं एका खासदाराच्या वाट्याला ५८० च्या आसपास ग्रामपंचायती येतात. ५ कोटी सगळ्यांत सारखे वाटले, तर एकीला वर्षाला लाखभरही मिळत नाहीत, आणि यात शहरांचा हिस्सा धरलेलाच नाही. त्यामुळे हा पैसा सगळीकडे जात नाही, निवडक गावांत जातो. ज्या गावाचं म्हणणं खासदारापर्यंत पोचतं, त्याचा नंबर आधी लागतो. शिवाय हा निधी बंदही होऊ शकतो: कोरोनाकाळात एप्रिल २०२० मध्ये योजना थांबवली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

वित्त आयोग, म्हणजे केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना आणि पंचायतींना कसा द्यायचा ते सुचवणारा आयोग. त्याच्या पैशाचं तसं नाही. तो मागावा लागत नाही. ठरलेल्या सूत्रानं, प्रामुख्यानं लोकसंख्येवर, पंचायतीच्या नावानं येतो. चौदाव्या आयोगानं (२०१५-२०) ग्रामीण भागाचं हे अनुदान थेट ग्रामपंचायतींनाच दिलं होतं. पंधराव्यानं (२०२१-२६) पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही वाटेकरी केलं. या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले गेले.

इथे एक खोच आहे. पंधराव्याच्या पैशातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच: पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण, स्वच्छता. उरलेले ४० टक्के अबंधित, तेही पगारावर खर्च करायचे नाहीत. समजा पंचायतीला १० लाख आले, तर सभागृहासाठी हात घालता येतो तो ४ लाखांच्या पेटीत, आणि त्याच पेटीकडे दिवाबत्ती, अंगणवाडी, गटाराचे पूलही डोळे लावून बसलेले असतात. छतावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय मात्र बंधितमधून करता येते; हे पंचायतींच्या फार थोड्या विकास आराखड्यांत दिसतं. आणि आराखड्यात नाही ते काम होत नाही. 'आमचा गाव, आमचा विकास' आराखडा ग्रामसभेत ठरतो, तिथे कोणी बोललं नाही तर नंतर सरपंचाला बोल लावून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर भिंती उभ्या करायला खासदार निधी बरा, कारण पंचायतीच्या अबंधित वाट्यातून अख्खी इमारत करायची तर बाकीची कामं दोन-तीन वर्षं अडतात. देखभालीचं मात्र त्या निधीवर सोडता येत नाही. ती जबाबदारी इमारत वापरणाऱ्या संस्थेनं, म्हणजे बहुतेक वेळा पंचायतीनं, मंजुरीआधीच स्वीकारायची असते. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी शेवटचा विषयच 'सामुदायिक मत्तेची देखभाल' आहे. तरी सभागृहाची ताबापावती झाली, फोटो निघाले, की दोन पावसाळ्यांत पत्रे गळू लागतात आणि आत कोणाचं तरी सोयाबीन साठवलेलं सापडतं.

पाटीवर '२५१५' असा आकडा दिसला, तर तो या दोन्हींतला नव्हे. ते राज्याच्या ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या हिशोबाचा क्रमांक. तिथेही कामं लोकप्रतिनिधीच सुचवतात, म्हणून तो आमदार निधी समजला जातो. पण आमदार निधी वेगळा आणि पंचवीस-पंधरा वेगळं. वित्त आयोगाचा खर्च तुमच्या पंचायतीच्या नावानं ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो. खासदार निधीच्या कामाची फाईल जिल्हा नियोजन कार्यालयात असते, ग्रामपंचायतीच्या कपाटात ती शोधू नका.